बाबांना सगळं आठवतं, पण कशाचं काही वाटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. मागच्या महिन्यात आईच्या हातावर कुकरची वाफ आली. ती किंचाळली. बाबा समोरच ताटावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आमटी वाढ." हाच माणूस माझ्या तापात रात्रभर उशाशी बसायचा हो!

बाबा ५९ वर्षांचे. पासबुकाचा नंबर तोंडपाठ, नातवंडांचे वाढदिवस पाठ. पण दिसेल ते गोड खातात, कुणाशी काहीही बोलतात. विसरत नाहीत म्हणून आधी नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यात वर्ष गेलं. आता न्यूरॉलॉजिस्टनी वर्तनावर परिणाम करणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया सांगितलाय, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग झिजण्याचा आजार.

तेव्हापासून रात्री वाचत बसते. मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत चालतात, त्यांची जाळी असतात. अल्झायमरमध्ये डीफॉल्ट मोड नेटवर्क विस्कटतं, म्हणजे आपण नुसते बसून जुनं काही आठवत असतो तेव्हा जागं असणारं जाळं. बाबांच्या आजारात सेलियन्स नेटवर्क जातं. इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटेरिअर सिंग्युलेट हे मेंदूचे दोन भाग मिळून 'आत्ता यातलं महत्त्वाचं काय' हे ठरवतात. हे वाचलं आणि स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. किंकाळी त्यांना ऐकू आलीच होती. 'उठ, धाव' एवढंच आतून आलं नाही.

न्यूरॉलॉजिस्ट विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की पाच वेगवेगळ्या आजारांत मेंदू जिथे आक्रसतो ते नकाशे निरोगी माणसाच्या पाच जाळ्यांशी जुळतात. इथवर कळलं. पण २०१० च्या एका अभ्यासात स्कॅनवर बाबांसारख्या रुग्णांची डीफॉल्ट जाळ्यातली जोडणी वाढलेली दिसली, अल्झायमरमध्ये नेमकं उलट. वाढली म्हणजे मेंदू भरपाई करतोय का? बाबांचं असं स्कॅन करून घ्यावं का? आणि आईला कसं समजावू? ती म्हणते, "यांना माझी किंमतच नाही."

प्रतिसाद

ताई, मी न्यूरॉलॉजीत काम करतो. वाढलेल्या जोडणीला लगेच भरपाई म्हणू नका. सेलियन्स आणि डीफॉल्ट ही दोन जाळी बऱ्याचदा एकमेकांच्या उलट चालतात. एक ढिलं पडलं की दुसऱ्यावरचा लगाम सुटतो, असाही अर्थ लावतात. ते नकाशे अनेक रुग्णांच्या सरासरीतून येतात, एकट्या रुग्णाच्या निदानासाठी अजून नेहमीच्या वापरात नाहीत. शंका असेल तर डॉक्टरांना एफडीजी पेटबद्दल विचारा, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारं स्कॅन. बाबांच्या प्रकारात कपाळामागचा आणि कानशिलाकडचा पुढचा भाग मंद दिसतो, अल्झायमरमध्ये मागचा. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध चालू असेल तर तेही विचारा. या आजारात त्याचा उपयोग होत नाही, कधी वागणं बिघडतं. स्वतःहून मात्र बंद करू नका.

आईंना सांगा, "तुम्हाला काही वाटत नाही का?" असं विचारून उत्तर मिळणार नाही. "अहो, गार पाण्याचा तांब्या आणा" असं नेमकं सांगून बघा. पुष्कळदा आणतात.