बीबीसी मायक्रोचा क्रिस्टल बदलून स्पीड वाढतो काय?

टिळकवाडीकर: मंडळी, काकांच्या माळ्यावर बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर, गावलाय, १९८४ च्या क्लास प्रोजेक्टमध्ये (शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा सरकारी कार्यक्रम) शाळांना दिलेले तसलाच, आणि चालू आहे बरं का! त्यातला ६५०२ प्रोसेसर दोन मेगाहर्ट्झवर चालतोय, त्याला ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून २० चा बसवला तर अडीच होईल की. करू काय?

निपाणीचा सोल्डर: थांब की जरा! त्याच क्रिस्टलवरनं व्हिडिओचं टायमिंग निघतंय. लाईन फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला स्क्रीनवर किती रेघा काढायच्या ते, १५.६ वरनं १९.५ किलोहर्ट्झला गेली की टीव्हीला चित्र धरताच येत नाही, वर रॅम सीपीयू आणि व्हिडिओ आळीपाळीनं वापरतात म्हणून ती आधीच ४ मेगाहर्ट्झनं राबालीय, अजून ताणलास की हँग.

खानापूरवाला: मी ट्यूब पोर्टला, म्हणजे बीबीसीला दुसरा प्रोसेसर जोडायच्या जागी, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लावलोय, पायट्यूबडायरेक्ट हे सॉफ्टवेअर घालून. पाय दुसरा ६५०२ असल्याचं सोंग घेतोय, बेसिकचे प्रोग्राम सुसाट! पण थेट स्क्रीन मेमरीत लिहिणारे गेम त्यावर चालत नाहीत, ते साध्या मोडमध्येच खेळायचे. आणि व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर मस्ट, बीबीसी ५ व्होल्टचा, पाय ३.३ चा, डायरेक्ट जोडलास तर पाय गेला म्हणून समज.

टिळकवाडीकर: भारी! शिफ्टर खडेबाजारात मिळेल काय?

खानापूरवाला: ऑनलाईनच मागव, तयार बोर्ड येतंय.

निपाणीचा सोल्डर: स्पीडचं राहू दे, आधी पॉवर सप्लायमधले ते पारदर्शक पिवळट फिल्टर कपॅसिटर बदल. भेगा पडलेत काय बघ, फुटले की घरभर धूर, काकू हाकलून देतील.