पाथ जोडताना रनटाइमने ".." गिळायचे की नाही? माझं मत: बिनधास्त गिळा

अर्धविराम (धागाकर्ता)
छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहितोय, रनटाइम (स्क्रिप्ट चालवणारा भाग) सी मध्ये आहे, सध्या पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, हाताळणाऱ्या मॉड्यूलवर गाडी अडलीये. बेसनेम, एक्स्टेन्शन वगैरे झालं, उरलाय तो ".." चा, म्हणजे "एक फोल्डर वर जा" या खुणेचा घोळ. गो भाषेत जॉइन (पाथचे तुकडे जोडणं) केलं की आतल्या आत क्लीन (पाथ साफ करणं) चालतं, म्हणजे "अ/ब/../क" दिलं की "अ/क" हातात, डिस्कला हात न लावता. पायथनचं पाथलिब डबल स्लॅश आणि "." काढतं पण ".." तसंच सोडून देतं. मला गोचं पटतं. पाथ फंक्शन म्हणजे निव्वळ स्ट्रिंगचं काम, फाइल खरंच आहे का हे बघायला त्याने जाऊच नये, टेस्ट लिहायला सोपं पडतं आणि लॉगमध्ये पाथ स्वच्छ दिसतो. गो बनवणाऱ्यांपैकी रॉब पाइकनेही २००० साली प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हेच मांडलं होतं की ".." नावावरूनच सुटावं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्या, "पायथन असं करतं" हे कारण धरणार नाही.

खाचखळगे
कारण एकच, सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारं नाव. सर्व्हरवर बरेच जण करतात तसं समजा "/अ‍ॅप/चालू" ही सिमलिंक आहे आणि ती जाते "/डिस्क२/रिलीज/४२" कडे. आता स्क्रिप्टने मागितलं "/अ‍ॅप/चालू/../कॉन्फिग". कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आधी लिंकच्या पलीकडे जातो, मग एक पायरी वर, म्हणजे उघडणार "/डिस्क२/रिलीज/कॉन्फिग". तुमचं जॉइन देणार "/अ‍ॅप/कॉन्फिग". दोन्ही ठिकाणी फाइल असली तर एररही येणार नाही, चुकीचं कॉन्फिग गुपचूप लोड होणार आणि बसा शोधत रात्रभर. आणि पाइकचा दाखला देताना अर्धाच देऊ नका राव, प्लॅन नाइनमध्ये सिमलिंक नव्हत्याच, शिवाय ते काम तिथे कर्नलने केलं, उघडलेल्या फाइलचं नाव कर्नलनेच जपून ठेवलं. तुम्ही ते लायब्ररीत करताय आणि खाली लिनक्सचा कर्नल त्याचंच खरं करणार.

अर्धविराम
त्याच "चालू" फोल्डरात उभं राहून बॅशमध्ये (टर्मिनलचा शेल) "सीडी .." केलं, म्हणजे फोल्डर बदललं, की कुठे जाता? नावावरूनच वर जाता ना, "/अ‍ॅप" मध्ये. लोकांना तेच अपेक्षित असतं.

खाचखळगे
आणि सीडी न करता तिथेच "एलएस .." (यादी दाखवायची कमांड) मारून बघा, "/डिस्क२/रिलीज" मधला माल दिसेल. एकाच टर्मिनलमध्ये, एकाच फोल्डरात उभं राहून, त्याच दोन टिंबांचे दोन अर्थ. तुम्हाला हा गोंधळ भाषेत कायमचा पाहिजे का? क्लीन ठेवा की, कोण नको म्हणतंय, पण वेगळं फंक्शन ठेवा, ज्याला पाहिजे तो बोलावेल. जॉइनने न विचारता अर्थ बदलणं हे मला खटकतं.

नल_पॉइंटर_नाना
तुम्ही दोघं ".." वर भांडताय, मला त्याहून मोठा खड्डा दिसतोय. जॉइनचा दुसरा तुकडा "/" ने सुरू झाला, म्हणजे तो आधीच मुळापासूनचा पूर्ण पाथ असला, तर काय करणार? पायथन आणि रस्ट पहिला तुकडा सरळ फेकून देतात, "/अपलोड" ला "/इटीसी/पासवर्ड" जोडलं की उरतं नुसतं "/इटीसी/पासवर्ड". गो आणि नोडचं जॉइन मात्र चिकटवतं, "/अपलोड/इटीसी/पासवर्ड". युजरने दिलेलं फाइलनेम जोडणारा कोड जगात किती असेल विचार करा. माझं मत असं की अशा वेळी एरर द्या, ओरडलं कोणी तर ओरडू दे.

अर्धविराम
नाना, एरर नको, चिकटवणार. जॉइनला एरर आला की प्रत्येक ओळीत तपासणी करत बसावं लागतं, लोक मग प्लस लावून स्ट्रिंग जोडायला लागतात, ते जास्त वाईट.

दुसऱ्या_बाकावरचा
पाथ स्ट्रिंग असतो हे गृहीतच मला मान्य नाही. लिनक्सवर फाइलनेम म्हणजे बाइट्स, स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) असलंच पाहिजे असं काही नाही. पायथनला त्यासाठी ३.१ मध्ये सरोगेट (युनिकोडमधले राखीव कोड) वापरून पळवाट काढावी लागली, रस्टने तर वेगळा टाइपच केला. आणि हे फक्त परदेशी लोकांचं दुखणं नाही बरं का, "दुसऱ्या सत्राचे गुण" अशी फाइल घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन पद्धतीने लिहिता येतो, एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) म्हणून किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव फोडून दुसऱ्या पद्धतीने साठवायची. तीच फाइल लिनक्सवर आणली आणि स्क्रिप्टमध्ये नाव टाइप करून शोधली तर "सापडली नाही", स्क्रीनवर दोन्ही नावं जुळ्या भावांसारखी. अजून एक, लिनक्सच्या एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे, देवनागरीत एकेक अक्षर, काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी ३ बाइट्स खातं, म्हणजे ८५ मध्ये खेळ खलास. तुमच्या मॉड्यूलमध्ये लांबी कशात मोजताय ते सांगा आधी.

अर्धविराम
बाइट्समध्येच. आणि रनटाइम नाव स्वतःहून बदलणार नाही, ज्या रूपात आलं त्याच रूपात कर्नलला.

खाचखळगे
वा! म्हणजे ऱ ला हात लावायचा नाही कारण अर्थ बदलेल, आणि ".." मात्र बिनधास्त गिळायचे. एक काय ते धोरण ठरवा.

अर्धविराम
फरक आहे. ऱ बदलला तर फाइल हमखास हरवते. ".." चा घोळ फक्त वाटेत सिमलिंक असेल तेव्हाच, आणि माझ्या भाषेत लोक बिल्ड स्क्रिप्ट लिहिणार, बँकेचा सर्व्हर नाही.

शेवटची_लोकल
सिक्युरिटीचा मुद्दा असेल तर दोन्ही पार्ट्या चुकीच्या जागी भांडताय. पाथ साफ करा, रिअलपाथ (सिमलिंक सोडवून मिळणारा खरा पाथ) काढा, "सुरुवात अपलोडने होते ना" तपासा, तपासणी आणि उघडणं यांच्या मधल्या फटीत कोणी सिमलिंक बदलली की सगळं पाण्यात. डिरेक्टरीचं हँडल धरा आणि त्याच्या आतच उघडा. लिनक्स ५.६ पासून ओपनएट-टू या फाइल उघडायच्या कॉलमध्ये "या फोल्डरच्या बाहेर जायचं नाही" असा फ्लॅग आहे, गोने १.२४ मध्ये ओएस पॅकेजात रूट आणलं ते याच कामासाठी. स्ट्रिंगवर कितीही इस्त्री फिरवली तरी हे मिळत नाही.

अर्धविराम
मान्य, पण ते फाइल मॉड्यूलचं काम. आणि मला विंडोज, मॅक दोन्ही सांभाळायचेत, तो फ्लॅग तिथे कुठून आणू.

नल_पॉइंटर_नाना
विंडोजचं नाव काढलंतच तर हे घ्या. गोच्या क्लीनला विंडोजवर "अ/../सी:/ब" दिलं की ते "सी:\ब" व्हायचं, म्हणजे साध्या रिलेटिव्ह (चालू फोल्डरपासून मोजलेल्या) पाथचा अख्खा ड्राइव्हचा पाथ. २०२३ च्या फेब्रुवारीत सिक्युरिटी फिक्स म्हणून सुधारलं, आता पुढे ".\" लावतात. डिस्कला हात न लावणारं, निव्वळ स्ट्रिंगचं, तुमचं आवडतं फंक्शन बरं का हे. तुमचं काय देतं या इनपुटला?

अर्धविराम
विंडोजची फाइल अजून लिहिली नाही. टेस्ट म्हणून टाकतो, पण जॉइनमधलं क्लीन राहणार.

खाचखळगे
मग निदान डॉक्युमेंटेशनमध्ये "/अ‍ॅप/चालू" वालं उदाहरण ठळक छापा, आणि क्लीन न करणारं दुसरं जॉइन द्या. नाव काहीही ठेवा.