‘कॅरी’ला इंडोनेशियनमध्ये काय म्हणावं?

प्रश्न : एक इंग्रजी कथा इंडोनेशियनमध्ये करते आहे. तिच्यात ‘कॅरी’ पानोपानी येतं. बाई मूल घेऊन जाते, हमाल पोतं, मुलगी पिशवी. सगळीकडे ‘मेम्बावा’, म्हणजे नुसतं ‘नेणं’, चालेल का?

उत्तर : व्याकरणाने चालेल, पण कथा फिकी पडेल. ‘मेम्बावा’ पासपोर्टसाठी ठीक, कारण तो खिशात आहे की हातात, याने काही बिघडत नाही. ओझं डोळ्यांसमोर उभं करायचं असेल तर ते अंगावर नेमकं कुठे आहे, हे आधी ठरवा. मूल कडेवर किंवा पाठीशी असेल तर ‘मेंग्गेंदोंग’. जावात टोपलीत बाटल्या भरून, ती कापडाने पाठीशी बांधून बायका काढे विकत हिंडतात. तो ‘जामू गेंदोंग’. हातात लोंबती पिशवी ‘मेंजिंजिंग’. पोतं खांद्यावर टाकलं तर ‘मेमांग्गुल’, आणि बांबूच्या दोन टोकांना ओझी अडकवली तर ‘मेमिकुल’, म्हणजे आपली कावडच. दोघाचौघांनी मिळून उचललं की ‘मेंग्गोतोंग’. पाच राष्ट्रीय तत्त्वं एकाच शब्दात सांगायची तर ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करणं, असं पुढे इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सुकार्नो १ जून १९४५च्या भाषणात म्हणाले, तो गोतोंग हाच.

शब्दकोशात मात्र मूळ धातू शोधा. ‘मेमिकुल’ पाहायचं तर ‘पिकुल’ उघडा. उपसर्ग लागताना ‘प’ गळतो.

प्रश्न : आणि ‘मेंजुंजुंग’? तो इंडोनेशियन तरुणांनी एकतेसाठी घेतलेल्या युवक शपथेत आहे ना?

उत्तर : हो, आणि माझा सगळ्यात आवडता शब्द तोच. अर्थ डोक्यावर वाहून नेणं. २८ ऑक्टोबर १९२८च्या शपथेत मायभूमी एक, राष्ट्र एक, असं ‘मेंगाकू’ म्हणजे मान्य करतो म्हटलंय. भाषेपाशी क्रियापद बदलतं. ‘आमची भाषा एकच’ असं ते म्हणत नाहीत. एकतेची भाषा, बाहासा इंडोनेशिया, आम्ही ‘मेंजुंजुंग’ करतो म्हणतात. म्हणजे घरची जावानीज, सुंदानीज सोडायची गरज नाही. मराठीत याला ‘शिरोधार्य मानणं’ इतकं चपखल बसतं की दुसरा शब्द शोधूच नये.

प्रश्न : दुकानदार एखादा माल ‘कॅरी’ करतो, तिथे?

उत्तर : तिथे सरळ ‘मेंजुआल’, विकतो. गरोदर बाईसाठी ‘मेंगांदुंग’. आवाज दूरवर जातो तिथे वाक्यच फिरवा : लांबपर्यंत ऐकू येतो, ‘तेर्देंगार’. तुमच्या हमालाचं पोतं खांद्यावर आहे की डोक्यावर, तेवढं मूळ कथेत पाहून सांगा, मग क्रियापद पक्कं करू.