मदत हवी आहे: नवऱ्याच्या क्रेडिटमुळे भाड्याचं घर हातचं जातंय

गारवेल:
घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. घर बघितलं, आवडलं, टोकन भरलं. आज एजंटची मेल आली, की माझी चौकशी पास झाली, नवऱ्याची नाही. कारण म्हणून एकच ओळ, क्रेडिट खराब. आत्ताचा मालक घर विकतोय, जुलैअखेर बाहेर पडायचंय, पोरगी चौदा महिन्यांची आहे. एकाचं क्रेडिट खराब असेल तर दोघांच्या नावावर घर मिळतच नाही का? कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

पेठेतला_काका:
ताई, भाड्याच्या घराला सिबिल कोण बघतं? माझे कोथरूडला दोन फ्लॅट भाड्याने आहेत. अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, दोन महिन्यांचं डिपॉझिट, विषय संपला. टोकन परत मागा आणि एजंट बदला.

नांगरट:
काका, हे पुण्यातलं वाटत नाही. गारवेल, कुठला देश?

गारवेल:
हो, राहिलंच. इंग्लंड, रेडिंग. भाडं १,४५० पौंड.

थेम्सकाठ:
मग तीन गोष्टी सांगा. दोघांचे पगार वेगवेगळे किती? क्रेडिट खराब म्हणजे हप्ते चुकलेत, की कोर्टाचा निकाल आहे, म्हणजे सीसीजे? आणि अर्जात त्याबद्दल काय लिहिलंत? तिसरं महत्त्वाचं आहे. खोटी माहिती दिली असेल तर टोकन ठेवून घेता येतं. खरं सांगूनही चौकशीत नापास झालात तर परत करावं लागतं.

शेवगा:
आम्ही लेस्टरला सहा महिन्यांचं भाडं एकदम भरलं, कोणी क्रेडिटचं नावही काढलं नाही. तेच करा.

थेम्सकाठ:
शेवगा, ते आता बंद झालं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. डिपॉझिटही पाच आठवड्यांच्या भाड्यावर नेता येत नाही, तो २०१९ चा कायदा. जास्त पैसे दाखवून वाट काढायचे दिवस गेले.

शेवगा:
आमच्या वेळी चाललं एवढंच म्हणतोय. कायदा शिकवायची गरज नाही.

गारवेल:
माझा पगार ३४,०००, त्याचा ४१,०००. अर्जात 'कोर्टाचा निकाल नाही' असं लिहिलं, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. आत्ता एजंटला फोन केला. सीसीजेच आहे म्हणाला, २८३ पौंडांचा. पार्किंगचा असावा. मुलीच्या जन्माच्या रात्री हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मशीन कार्ड घेत नव्हतं. मला कळा सुरू झालेल्या, तो गाडी तशीच टाकून आत धावला. नंतर काहीच आलं नाही, म्हणून विसरून गेलो.

नांगरट:
पत्रं जुन्या पत्त्यावर गेली असतील. घर कधी बदललं?

गारवेल:
अकरा महिन्यांपूर्वी, स्लाऊहून.

हक्काने_बोला:
एक पैसा भरू नका. एन२४४ अर्ज करा, निकाल रद्द करून घ्या. पत्रच मिळालं नाही तर निकाल कसला? आपली माणसं घाबरून भरतात म्हणून या पार्किंगवाल्यांचं फावतं.

थेम्सकाठ:
तत्त्व पटतं, पण तिला जुलैअखेर छप्पर हवंय. शेवटच्या माहितीतल्या पत्त्यावर पत्र पाठवलं की कोर्ट बहुतेक वेळा ते पोचलं असंच धरतं. अर्जाची फीच तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे दंडापेक्षा जास्त. वर सुनावणीची वाट बघा.

पेठेतला_काका:
त्यापेक्षा घर तुझ्या एकटीच्या नावावर घे. नवरा सोबत राहील.

थेम्सकाठ:
काका, तो मार्ग असतो. एक भाडेकरू आणि दुसऱ्याचं नाव फक्त राहणारा म्हणून. पण इथे साधारण भाड्याच्या तीसपट वार्षिक पगार बघतात, म्हणजे ४३,५००. तिचे ३४,००० पुरत नाहीत. जामीन चालेल, पण तो बहुधा इथलाच लागतो आणि त्याचा पगार आणखी जास्त. पुण्यातला भाऊ चालत नाही.

मोगरा२२:
एवढं भाडं भरताय तर घर विकतच का घेत नाही?

नांगरट:
क्रेडिटमुळे भाड्याचं मिळेना, कर्ज कोण देईल?

थेम्सकाठ:
गारवेल, निकालाची तारीख काय? सगळं त्यावर आहे. सहा वर्षं नोंद राहते. पण निकालानंतर एका महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले तर नोंदच निघून जाते. उशिरा भरलं तर 'पैसे भरले' असा शेरा पडतो, नोंद राहते.

गारवेल:
तो ऑफिस सुटल्यावर थेट स्लाऊच्या घरी गेला. नवीन भाडेकरूने आमची पत्रं चपलांच्या रॅकमागे पिशवीत ठेवली होती. पिझ्झाच्या जाहिरातींखाली कंपनीची पाच पत्रं आणि नॉर्थहॅम्प्टनच्या कोर्टाची दोन. निकाल ६ जूनचा आहे. आज २६. तो फोनवर काही बोलतच नव्हता, फक्त 'माझ्यामुळे' म्हणाला. त्या रात्री मी वेदनेने त्याचा हात सोडत नव्हते, तो मशीनपाशी उभा राहायला हवा होता का?

थेम्सकाठ:
मग वाचलात! आजच भरा. पैसे कोर्टाला नाही, निकालात दावेदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याला. पूर्ण रक्कम, हप्ते नाहीत.

हक्काने_बोला:
अन्याय आहे तो आहेच. पण दहाच दिवस हातात असतील तर भरा.

गारवेल:
भरले २८३. एजंटला पाकिटांवरच्या पत्त्याचे आणि तारखांचे फोटो पाठवले. मुद्दाम लपवलं नव्हतं हे त्याला पटलंय, मालकाशी सोमवारी बोलतो म्हणाला. पण क्रेडिट कंपन्यांकडे हे कधी दिसेल?

थेम्सकाठ:
लगेच नाही, काही आठवडे जातात. म्हणून कागद एजंटच्या हातात द्या. दावेदाराकडून पूर्ण पैसे मिळाल्याचं लेखी घ्या आणि कोर्टालाही स्वतः कळवा, दावेदाराच्या भरवशावर राहू नका. आणि जुना पत्ता आता सगळीकडे बदला, गाडीच्या कागदांवरही.

गारवेल:
गाडीच्या कागदांवर अजून स्लाऊच आहे! कोर्टाला काय काय लिहायचं?

थेम्सकाठ:
केस नंबर, नवऱ्याचं नाव, भरलेली रक्कम, तारीख. पावती जोडा. आज रात्रीच पाठवा.