वजन आधी आणि खर्च नंतर? (विमानाच्या सांगाड्याचं डिझाइन)

भोसरीकर: काल ‘स्ट्रेसवाला’ यांनी लिहिलं, ‘सुरुवातीच्या डिझाइनमध्ये फक्त वजन बघा, खर्चाचं कारखाना बघेल.’ वाचून राहवलं नाही. 22 वर्षं मशीनवर काढलीत. एकदा पंखातल्या रिबचं, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीचं ड्रॉइंग आलं. पॉकेट (धातू कोरून केलेला खळगा) 40 मिमी खोल, कोपऱ्याची त्रिज्या 3 मिमी. म्हणजे 6 मिमी व्यासाचा बारीक कटर लांब काढून चालवायचा. तो थरथरतो, कोपऱ्यात किंचाळतो, भिंतीवर लाटा उमटतात. त्रिज्या 8 दिली असती तर जाड कटरने काम झटक्यात झालं असतं. विचारलं तर उत्तर, ‘आता ताकदीचं ॲनालिसिस झालंय.’

स्ट्रेसवाला: 3 ची 8 केली की कोपऱ्यामागे सव्वा ग्रॅम वाढतो. तो 25 वर्षं उडवायचा, इंधन कोण भरणार? शिवाय सुरुवातीला खर्चाचे आकडे आणणार कुठून? जुन्या ॲल्युमिनियम विमानांवरून बांधलेल्या सूत्रात कार्बन फायबर कधीच पास झालं नसतं.

भोसरीकर: हजार कोपरे धरा, सव्वा किलो होतं! तेवढ्यासाठी किती तास जाळायचे? शॉपफ्लोरवर शेवटचं कधी गेला होतात?

स्ट्रेसवाला: चार वर्षं टेस्ट रिगवर, भागांच्या चाचण्या घेण्यात काढलीत. मला एसीतला समजू नका.

शिमवाली: भांडा, पण बोइंगचं 787 विसरू नका. फ्यूजलाजची (विमानाच्या धडाची) अख्खी नळकांडी केली, लांबीचे सांधे वाचले, वजन वाचलं. मग दोन नळकांडी जोडताना 0.005 इंचाच्या वरची फट शिमने, म्हणजे पातळ पट्टीने भरायची. मे 2021 ते ऑगस्ट 2022 डिलिव्हरी थांबल्या, त्यात या फटी होत्याच. एअरबसने ए350 ला अख्ख्या नळकांड्यांऐवजी पॅनेल घेतली. सांधे वाढले, पण पॅनेल हाताळायला सोपं. मी स्वतः शिम बसवल्यात. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवा, माप लिहा, शिम घासा, पुन्हा गेज. एका सांध्यात अख्खी पाळी जाते.

स्ट्रेसवाला: फटी तपासल्या नाहीत हा शिस्तीचा दोष, डिझाइनचा नाही.

शिमवाली: केसाएवढी फट शोधत बसायची पाळी कोणी आणली? सांधा कुठे येणार ते पहिल्याच वर्षी ठरतं, तेव्हा आम्हाला कोणी विचारत नाही!

भोसरीकर: रुपये नका धरू. छिद्रं, सेटअप (भाग मशीनवर किती वेळा बांधायचा ते) आणि शिमचे सांधे मोजा. ते पहिल्या स्केचवरूनही मोजता येतात.

स्ट्रेसवाला: छिद्रं आणि सांधे मोजायला हरकत नाही, एवढं मान्य. त्रिज्येचं नाही.