हायड्रॉलिक क्लच दगडासारखा जड, तीनदा ब्लीड करूनही फरक नाही

डावा_अंगठा (प्रश्न):
नमस्कार मंडळी. दीड महिन्यापासून मोटरसायकलचा क्लच इतका जड झालाय की अर्धा तास गर्दीतून आलो की शर्टाची बटणं काढायलाही डावा हात कामाचा राहत नाही. आधी वाटलं, वय झालं. मग पुतण्याने दाबून बघितला आणि म्हणाला, "काका, हा क्लच आहे की व्यायामाचं मशीन?" तेव्हा जरा बरं वाटलं.

गाडी जुनी घेतलेली. मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की फ्लुइड ढकलणारा) हँडलवर, स्लेव्ह (त्या दाबाने क्लच सोडवणारा) इंजिनच्या डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे. दाबायला जड आहेच, शिवाय सोडल्यावर लिव्हर झटकन परत येत नाही, आळस देत येतो. आणखी एक विचित्र गोष्ट: इंजिन थंड असताना गाडी व्यवस्थित पळते, पण तापली की चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही.

काय काय केलं: तीनदा ब्लीड केलं (आतली हवा काढली), नवं डॉट ४ (ब्रेकचं असतं तेच फ्लुइड) भरलं. लिव्हरचा पिव्हट काढून साफ केला, ग्रीस लावलं. एका गॅरेजमध्ये "प्लेटा गेल्या" म्हणाले म्हणून प्लेटा आणि स्प्रिंगा दोन्ही बदलल्या. जड तो जडच. केबलच्या क्लचला निदान तेल तरी सोडता येतं, ॲडजस्टर फिरवता येतो. इथे हात कुठे घालायचा तेच कळत नाही.

दोन_बोटं:
मोठ्या पिस्टनचा स्लेव्ह मिळतो, तो बसवा. माझ्याकडे २८ मिमीच्या जागी ३० मिमीचा बसवलाय, दोन बोटांनी दाबतो.

पाना_पकड:
दोन_बोटं, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते निरोगी क्लचसाठी. २८ चा ३० केला की पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं, हाताचा जोर साधारण १३ टक्क्यांनी कमी लागतो. पण पुशरॉडची (स्लेव्हपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या दांडीची) चालही तेवढीच कमी होते, फुकट काही मिळत नाही. यांचा क्लच आधी हलका होता आणि दीड महिन्यात जड झाला. म्हणजे काहीतरी बिघडलंय. बिघाडावर मोठा स्लेव्ह बसवला तर बिघाड झाकला जाईल, जाणार नाही.

डावा_अंगठा, प्लेटा बदलायच्या आधी इथे यायला हवं होतं. असो. आता जडपणा नेमका कुठे बसलाय ते शोधा, त्याला पैसाही लागत नाही. स्लेव्हच्या ब्लीड निपलला (हवा काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवा. निपल उघडा आणि लिव्हर सावकाश दाबा. आता समोर क्लचच्या स्प्रिंगा नाहीत, फक्त फ्लुइड बाहेर ढकलायचं आहे, तेव्हा लिव्हर जवळजवळ बिनवजनाचा लागला पाहिजे. दाबलेलाच ठेवून निपल बंद करा, मग सोडा, नाहीतर हवा आत ओढाल.

हलका लागला तर दोष खाली आहे: स्लेव्हचा पिस्टन गंजलेला, पुशरॉड वाकलेला किंवा आतलं बेअरिंग गेलेलं. तरीही जडच लागला तर वर बघा. मास्टरचा बॅन्जो बोल्ट (ज्याने पाइप जोडलेला असतो तो) सोडून, खाली फडकं धरून पुन्हा दाबा. आता हलका झाला तर पाइप आतून सुजून बंद होत आलाय. तरीही जड, तर चोर मास्टरमध्येच.

माझा अंदाज मास्टरचाच आहे, तापल्यावर क्लच घसरतो, इंजिन नुसतं ओरडतं म्हणता त्यावरून. मास्टरच्या तळाशी एक बारीक भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं फ्लुइड त्यातून मास्टरवरच्या छोट्या टाकीत परत जातं. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर भोक झाकलेलंच राहतं. फुगलेलं फ्लुइड कोंडतं आणि पुशरॉड दाबून धरतं. तुम्ही लिव्हर सोडलेला असतो, पण क्लच आतून थोडा दाबलेलाच! नव्या प्लेटा घातल्या तरी त्या घसरणारच.

आणि टाकीचं झाकण उघडून आतला रबराचा पडदा कसा दिसतो ते सांगा.

डावा_अंगठा:
केलं. निपल उघडल्यावर जड. बॅन्जो सोडल्यावरही जड. (फडकं कमी पडलं. पेट्रोलच्या टाकीवर दोन थेंब उडाले, लगेच पाणी ओतलं म्हणून रंग वाचला.)

पडदा: काढला तेव्हा लहरी लहरी झालेला होता, ताणल्यासारखा मोठा. परत बसवायला गेलो तर कडा खोबणीत मावेना. हे कशाने होतं?

पाना_पकड:
खनिज तेलाने. यात कधी डॉट सोडून दुसरं काही पडलं होतं का? खरं सांगा, इथे कोणी ओरडणार नाही.

डावा_अंगठा:
आता लपवण्यात अर्थ नाही. दोनेक महिन्यांपूर्वी पातळी खाली गेलेली दिसली. "काही गाड्यांच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं" हे कुठेतरी वाचलं होतं, मित्राकडे त्याची बाटली होती, अर्धं झाकण ओतलं. झाकणावर डॉट ४ कोरलेलं आहे ते नंतर चष्मा लावल्यावर दिसलं. मग सगळं काढून नवं भरलं आणि प्रकरण मिटलं असं समजलो.

पाना_पकड:
वाचलं ते खोटं नाही, काही गाड्यांना खनिज तेलच लागतं, आणि त्यात डॉट ओतलं तर त्यांची सीलं खराब होतात. तुमच्या गाडीत उलटं झालं. डॉटसाठी बनवलेलं रबर खनिज तेल पितं आणि फुगतं. फुगलेलं सील सिलिंडरच्या भिंतीला घासत चालतं, म्हणून जड, म्हणून परत येताना आळस. फ्लुइड तीनदा बदललंत, पण जे रबराने पिऊन घेतलं ते तिथेच राहिलं.

त्यामुळे आता कंजुषी नको. मास्टरची किट, पडदा, स्लेव्हचं सील आणि पाइप, जिथे जिथे रबर आहे ते सगळं नवं. एक जरी जुनं ठेवलंत तरी सहा महिन्यांनी याच धाग्यावर भेटू. सिलिंडर स्वच्छ डॉट ४ नेच धुवा, पेट्रोल किंवा डिझेल नको. सील बसवताना त्यावरही तेच चोळा, साधं ग्रीस अजिबात नाही. बॅन्जोचे वॉशर नवे. स्लेव्ह इंजिनवरून सुटा असताना कोणी लिव्हर दाबणार नाही याची काळजी घ्या, पिस्टन बंदुकीसारखा बाहेर येतो. पुतण्याला लांब ठेवा.

एक गोष्ट मात्र मला खटकतेय. पातळी खाली गेलीच का? ब्रेकमध्ये पॅड झिजले की पातळी उतरते. तुमच्यासारख्या पुशरॉडच्या क्लचमध्ये उलटं असतं: प्लेटा झिजल्या की पुशरॉड स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलतो आणि टाकीतली पातळी वर चढते. क्लचची पातळी उतरली याचा अर्थ एकच, फ्लुइड कुठेतरी बाहेर जातंय. स्प्रॉकेटचं कव्हर काढा.

हाफ_क्लच:
मध्ये बोलतो, ब्लीडिंगबद्दल. कोरडी सिस्टिम वरून पंप करत भरायला गेलात तर हात मोडेल. मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून फ्लुइड वर ढकला, हवेला तशीही वरच जायचं असतं. टाकी भरून वाहणार नाही ना, ते बघत राहा. शेवटचा बुडबुडा बहुतेक वेळा मास्टरच्या बॅन्जोपाशी अडकतो. हँडल वळवून तो भाग सगळ्यात उंच करा, बोटाने टिचक्या मारा आणि लिव्हर अगदी थोडा थोडा हलवा.

डावा_अंगठा:
दोन रविवार गेले. कव्हरमागे चेनच्या ग्रीसचा काळा चिखल होता, सगळा स्लेव्हच्या तोंडाशी साचलेला. खरवडला तर खाली ओलं. सील एका बाजूने कापल्यासारखं झिजलेलं, पिस्टनवर ओरखडा. पिस्टनही नवा घातला. मास्टरचं सील नव्याशेजारी ठेवून पाहिलं, जुनं नुसत्या डोळ्यांनीही जाडजूड दिसतं.

सिरिंजची युक्ती लागू पडली, पंधरा मिनिटांत हवा निघाली आणि लिव्हरला नीट दाब आला. काल दुपारी मुद्दाम तापवून चढावर नेली, एकदाही घसरली नाही. पुतण्या म्हणतो, आता जरा जास्तच हलका वाटतो.

काढलेल्या जुन्या प्लेटा काल कॅलिपरने मोजल्या. सगळ्या मॅन्युअलच्या मर्यादेत आहेत. तेल लावून डब्यात भरून ठेवल्यात.