मेडन पहिल्यांदा लाइव्ह: कुठे उभं राहायचं, कानांचं काय?

चौथी_तार: आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडच्या 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' टूरचं तिकीट मिळालंय. युरोपातलं स्टेडियम, स्टँडिंग. एवढा मोठा मेटल शो याआधी पाहिलेला नाही. अगदी पुढे बॅरिकेडला जावं की मागे थांबावं? आणि इअरप्लग लावले तर मजा जाते का?

फेडर: आवाजासाठी जायचं तर बॅरिकेड विसर. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात, त्यांचा आवाज पुढच्या रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथे सबवूफर (खालच्या, जड आवाजाचे स्पीकर) आणि ड्रम्सच अंगावर येतात, गायकाचे शब्द हरवतात. साउंड डेस्क शोध आणि त्याच्या थोडं पुढे उभा राहा. सगळ्या वाद्यांच्या आवाजाचा मिक्स तिथूनच होतो, त्यामुळे तिन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात. बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस पिक न वापरता बोटांनी वाजवतो. तार फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) आपटल्याचा तो खणखणीत आवाज तिथे स्वच्छ मिळतो. अगदी मध्यरेषेवर मात्र नको: सबवूफर दोन्ही बाजूंना रचलेले असतील तर बास तिथे फुगतो. दोन-चार पावलं बाजूला सरक.

डेसिबल: प्लग लावच, यात तडजोड नको. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि शो जवळजवळ दोन तासांचा. कापसाच्या बोळ्यांचा काही उपयोग नाही.

चौथी_तार: फोमचे चालतील का?

डेसिबल: कान वाचतील, पण फोम वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, म्हणून झांजा आणि गाणं दबल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. फोमच घेतलास तर बारीक वळ, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढ, प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने दाबून धर. अर्धवट बसलेला प्लग नसल्यातच जमा.

मागची_रांग: मेडनच्या 2008 च्या मुंबईच्या शोशी तुलना करू नकोस. ही टूर पहिल्या नऊ अल्बमांवर, म्हणजे 1980 ते 1992 च्या गाण्यांवर बांधलेली आहे. ड्रम्सवर निको मॅकब्रेन नाही, सायमन डॉसन आहे. निकोने डिसेंबर 2024 मध्ये टूर करणं थांबवलं.

स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' हे गाणं लागलं की बँड येण्याची वेळ झाली. पाणी, टॉयलेट त्याआधी उरकून घे, नंतर गर्दीतून जागेवर परतता येत नाही. पिटमध्ये (धक्काबुक्की करत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात) कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं, हा नियम सगळे पाळतात. मागून माणूस गर्दीच्या हातांवरून, डोक्यावरून येत असेल तर दोन्ही हात वर कर, नाहीतर बूट थेट कपाळावर बसतो. आणि फोन खिशात ठेव, बँडनेच तशी विनंती केली आहे.